पौष पौर्णिमेचा वृक्षसंकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पौषातील पौर्णिमेच्या संध्याकाळी एखाद्या झाडापाशी जाऊन सरत्या वर्षाचा हिशेब करायचा, जे संपले आहे ते सोडायचे आणि एका नव्या गोष्टीची जबाबदारी घ्यायची, असा हा घरच्या घरी करण्याजोगा विधी आहे. नागपूर आणि आसपासच्या भागातील हवामान, झाडे आणि चालीरीती डोळ्यांसमोर ठेवून पुढील उत्तरे लिहिली आहेत.

हा विधी नेमका कशासाठी आहे?

पानगळीच्या झाडाकडे पाहून माणसाने स्वतःच्या आयुष्यातील जुने आवरावे आणि नव्याला जागा करून द्यावी, हा याचा गाभा आहे. चंद्र उगवताना झाडाजवळ जायचे, खाली पडलेली पाने हातात घेऊन वर्षाने काय दिले ते आधी आठवायचे, मग धरून ठेवण्यात अर्थ उरलेला नाही असे जे असेल ते सोडायचे, फांदीवरची कळी शोधून पाहायची आणि शेवटी त्याच झाडाला पाणी घालून पुढील वर्षभर ते सांभाळण्याचा शब्द द्यायचा. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. पुरोहिताची गरज नाही आणि खर्चही नाही.

हा विधी शास्त्रात सांगितला आहे का?

नाही. कोणत्याही धर्मग्रंथात तो या स्वरूपात नाही, आणि तो प्राचीन असल्याचे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र ज्या गोष्टींवर तो उभा आहे त्या आपल्या भागात जुन्या आणि जिवंत आहेत. कार्तिक पौर्णिमेला रामटेकच्या गडावर त्रिपूर पेटवला जातो आणि तो पाहायला गावोगावचे लोक येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते आणि दत्तभक्तांच्या मनात औदुंबराचे स्थान काय आहे ते वेगळे सांगायला नको. याच मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास श्रीलंकेतील बौद्ध बांधव एक वेगळी घटना स्मरतात: सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्या बेटावर नेली आणि ती अनुराधपुरात रुजली. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या नागपुरात दीक्षाभूमीच्या आवारातील बोधिवृक्षाखाली बसणाऱ्यांना या घटनेची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, आणि गोंडांच्या बडादेवाचा वास साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडात मानला जातो.

सांगायचे एवढेच की हिवाळ्यातील पौर्णिमा आणि झाड यांची सांगड विदर्भाने बाहेरून आणलेली नाही. या परंपरा ज्यांच्या आहेत त्यांच्याच आहेत. त्यांचे मंत्र, त्यांची पूजा किंवा त्यांची चिन्हे उचलून या विधीत मिसळू नयेत. आपण जर त्यांपैकी एखाद्या परंपरेत वाढला असाल तर तुमची प्रार्थना तुम्ही अवश्य म्हणावी.

मग इतक्या पौर्णिमा असताना पौष पौर्णिमाच का?

पहिले कारण झाडांचे आहे. कार्तिकात विदर्भातील बहुतेक झाडे अजून हिरवी असतात, कारण पावसाळ्याची ओल जमिनीत शिल्लक असते. पौषापर्यंत ती ओल उतरते, सागाची पाने करपू लागतात, पळसाची पाने चामड्यासारखी कडक होऊन गळू लागतात आणि काटेसावर जवळजवळ उघडी पडते. माघ संपेपर्यंत थांबले तर काही झाडांवर फुले आलेली असतात. सोडणे आणि येणे या दोन्ही गोष्टी एकाच फांदीवर पाहायच्या असतील तर पौषाच्या मध्यासारखी वेळ नाही.

दुसरे कारण चंद्राचे आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे सरकतो आणि आकाशात फार उंच चढतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे पौषातला पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. झाडाची सावली त्या वेळी त्याच्या बुंध्याशी गोळा होते आणि निष्पर्ण फांद्यांची नक्षी जमिनीवर स्पष्ट उमटते. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला हे दिसत नाही, कारण तेव्हाचा चंद्र दक्षिणेकडे आकाशाच्या साधारण अर्ध्या उंचीपर्यंतच चढतो. ज्यांना रात्री जागणे शक्य आहे त्यांनी हे दृश्य एकदा पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरे कारण शाकंभरीचे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र असते. दीर्घ अवर्षणात देवीने स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी जग जगवले अशी तिची कथा आहे. पाण्याच्या टंचाईतून येणारे पोषण ही कल्पना या विधीच्या अगदी मुळाशी आहे, त्यामुळे ही तिथी योगायोगाने जुळलेली वाटत नाही.

पौष महिना शुभकार्याला वर्ज्य असतो ना?

विवाह, मुंज, गृहप्रवेश यांसारखी मंगलकार्ये पौषात टाळण्याची पद्धत आहे. व्रत, स्नान, दान, नामस्मरण यांना ती आडकाठी नाही. संकल्प हा व्रताच्या जातीचा आहे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना शंका आली तर त्यांना हेच सांगावे.

नेमका कोणता दिवस धरावा?

पौर्णिमा ही तिथी दिवसाच्या मध्येच सुरू होऊ शकते आणि मध्येच संपू शकते, म्हणून कॅलेंडरवर छापलेला दिवस आणि चंद्र पूर्ण दिसण्याची संध्याकाळ यांत कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो. ३ जानेवारी २०२६ ला पौष पौर्णिमा होती, पण तिथी त्या दिवशी दुपारीच संपली, त्यामुळे २ तारखेची रात्र अधिक योग्य होती. २२ जानेवारी २०२७ ला मात्र असा पेच नाही, कारण त्या दिवशी चंद्र पूर्ण होण्याचा क्षण संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे नागपुरात सूर्य मावळतीला टेकलेला असतानाच आहे. पश्चिमेला मावळता सूर्य आणि पूर्वेला उगवता चंद्र एकाच वेळी पाहण्याची ती संधी आहे. इतर वर्षी पंचांग पाहून, ज्या संध्याकाळी किंवा रात्री पौर्णिमा तिथी चालू असेल ती धरावी.

कोणते झाड निवडावे?

जे झाड आपल्या रोजच्या वाटेवर आहे, ज्याच्याकडे वर्षभर जाता येईल, ते सर्वांत चांगले. झाडाच्या जातीपेक्षा हा निकष मला महत्त्वाचा वाटतो. तरीही प्रत्येक झाड वेगळी गोष्ट सांगते.

पळस हे या विधीसाठी नागपूरचे सर्वांत नैसर्गिक झाड आहे. हिंगणा, काटोल, उमरेड, कुठल्याही रस्त्याने शहराबाहेर पडलो की बांधावर आणि पडीक जमिनीत तो दिसतो. आधी त्याची पाने गळतात, मग काळपट मखमली कळ्या धरतात आणि फाल्गुनापर्यंत पूर्ण झाड केशरी होते. आयुष्यात एखादी गोष्ट पूर्ण रिकामी करून नव्याने सुरू करायची असेल, उदाहरणार्थ नोकरी, शिक्षण, व्यसनातून सुटका, तर पळसापाशी जावे.

उंबराची फळे कोवळ्या फांद्यांवर न लागता जुन्या खोडाला लगडतात. साठी ओलांडलेल्या आणि आता आपले काही नवे व्हायचे नाही असे म्हणणाऱ्या माणसांना मी नेहमी उंबर सुचवतो. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड काटे असतात आणि झाड मोठे होत जाते तसे खोडावरचे बरेच काटे झडून जातात. पानांशिवाय ती लाल फुलांनी भरते आणि साळुंक्या, बुलबुल, शिंजीर तिच्यावर मधासाठी येतात. ज्यांनी एखाद्या दुखावलेल्या काळात स्वतःभोवती काटे उभे केले आणि आता ते उतरवायचे आहेत, त्यांना हे झाड समजेल.

पिंपळ आणि कडुनिंब पौषात हिरवेच असतात. त्यांची पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि लगेच तांबूस पालवी फुटते. त्यांच्यापाशी विधी करायला हरकत नाही, फक्त तेथे सोडण्यापेक्षा तयारीवर भर द्यावा. आंबा सदाहरित आहे आणि पौषात त्याला मोहोर येऊ लागतो, त्यामुळे या विधीचा अर्थ त्याच्याशी फारसा जुळत नाही.

इंटरनेटवरील अशा विधींमध्ये बर्चचे झाड आणि ‘लांडग्याचा चंद्र’ असतो. ते तसेच करावे का?

जानेवारीच्या पौर्णिमेला लांडग्याचे नाव देणे ही युरोप-अमेरिकेतील पंचांगांची रीत आहे. बर्चला नव्या आरंभाचे झाड मानून २४ डिसेंबर ते २० जानेवारी हा काळ त्याच्या नावे करणारे जे ‘केल्टिक वृक्षपंचांग’ (युरोपातील प्राचीन केल्ट लोकांचे म्हणून) सांगितले जाते, ते फार जुने नाही. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९४८ साली मांडलेल्या कल्पनांतून ते रूढ झाले. निसर्गपूजक गटांसाठी त्याला अर्थ आहे आणि तो अर्थ त्यांच्या भूमीत खराही वाटतो, कारण बर्फाळ प्रदेशात उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी ते एक आहे.

आपल्याकडे त्याचे भाऊबंद म्हणजे हिमालयातील भूर्ज. त्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले. परंतु ते झाड उंच थंड डोंगरांचे आहे, नागपूरच्या उन्हात ते जगणार नाही. ऑनलाइन भूर्जपत्र मागवून विधी करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ते करू नये, कारण सालीसाठी त्या झाडांची फार हानी झालेली आहे. शिवाय तेथील पानगळ आणि येथील पानगळ यांची कारणेच निराळी आहेत, आणि तो फरक समजून घेतला तर आपल्याला आपला वेगळा अर्थ मिळतो.

पानगळीत एवढे शिकण्यासारखे काय आहे?

थंड देशांत झाडे प्रामुख्याने थंडीमुळे आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांमुळे पाने टाकतात. विदर्भातील जंगल शुष्क पानझडीचे आहे. येथील झाड मुख्यतः पाण्यासाठी पाने टाकते. पानांतून सतत बाष्प जाते, पाऊस संपून महिने झालेले असतात, पुढे चैत्र-वैशाखाचे ऊन आहे, म्हणून झाड खर्च कमी करते. हा निराशेचा प्रकार नसून काटकसरीचा आहे.

हे काम झाड कसे करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पान गळण्यापूर्वी त्यातील हरितद्रव्य मोडले जाते आणि नत्र, स्फुरद यांसारखी कामाची द्रव्ये फांदीत परत ओढून घेतली जातात. मग देठाच्या तळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, त्याच जागी पान सुटते आणि मागे राहिलेली जखम बुचासारख्या थराने बंद होते. पळसाची एखादी बारीक फांदी दिवसाउजेडी हाताने खाली वाकवून पाहावी. जेथून देठ सुटला तेथे एक फिकट वण दिसतो, त्यावर बोट फिरवले तर तो कोरडा आणि बंद झालेला लागतो, आणि त्याच्या लगेच वर दाण्याएवढा डोळा, म्हणजे मिटलेली कळी, असतो. तो पान गळल्यानंतर आलेला नाही. पान हिरवे होते तेव्हापासून तो त्याच्या बगलेत होता.

या विधीचा क्रम यावरूनच ठरला आहे. आपण बहुधा उलटे करतो. ‘हे वर्ष वाईट गेले’ म्हणून एकदम फेकून देतो, आणि त्या वर्षाने शिकवलेले, मिळवून दिलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. झाड आधी परत घेते, मग सोडते, आणि सोडलेली जागा उघडी ठेवत नाही.

संत्र्याच्या बागायतदारांना हे वेगळ्या रीतीने माहीत आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा असेल तर हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडांना ताण देतात. पाने मलूल होतात, झाड विश्रांती घेते, आणि मग ठरवून पाणी दिले की ते फुलते. ताणच दिला नाही तर बहार नीट फुटत नाही आणि ताण अति झाला तर झाडच खचते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याला वेळ लागतो. थकलेल्या माणसाला ‘लगेच काहीतरी नवे सुरू कर’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. विश्रांती मोजून घ्यायची असते, प्रत्येकाच्या जमिनीप्रमाणे तिचा काळ कमी-अधिक असतो, आणि एका ठरावीक दिवशी ताण तोडावाच लागतो. पौष पौर्णिमा हा ताण तोडण्याचा दिवस आहे.

प्रत्यक्ष विधी कसा करावा? साहित्य काय लागते?

एक कळशी किंवा बादलीभर पाणी, एक पणती, पळसाच्या पानांचा एक द्रोण आणि त्यात मूठभर तीळ-गूळ किंवा घरात जे शिजले असेल ते, एवढे पुरे. शाल किंवा स्वेटर मात्र विसरू नये.

त्याच दिवशी सकाळी किंवा दुपारी एकदा झाडापाशी जाऊन यावे आणि फांदीवरचा वण व डोळा पाहून ठेवावा, कारण चांदण्यात ते बारकावे दिसत नाहीत. संध्याकाळी चंद्र क्षितिजावर आला की पणती झाडापासून चार हात दूर, स्वच्छ केलेल्या जागेवर लावावी. मग खाली गळालेल्या पानांतून काही पाने उचलावीत. किती उचलावीत याला नियम नाही, तरी तीन पुरेशी होतात, आणि पळसापाशी बसला असाल तर ते आपसूकच शोभते. झाडावरचे पान तोडू नये.

पहिले पान हातात घेऊन, जे सोडायचे आहे त्याचे नाव मनात किंवा मोठ्याने घ्यावे. नाव नेमके असावे. ‘माझा राग’ असे म्हणण्यापेक्षा ‘धाकट्या भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला’ असे म्हणावे. त्यानंतर त्या गोष्टीने आपल्याला काय दिले ते सांगावे. अबोल्याने कदाचित एवढे शिकवले असेल की व्यवहाराची गोष्ट आधीच लिहून ठेवायला हवी होती. ते आपले, ते ठेवायचे. नंतर पान बुंध्याशी ठेवून द्यावे. अशा रीतीने एकेक पान ठेवून झाले की थोडा वेळ काहीही न बोलता बसावे. हा भाग घाईने उरकला जातो असा अनुभव आहे, म्हणून मुद्दाम सांगतो की येथे दहा मिनिटे तरी द्यावीत.

शेवटी उठून, दिवसा पाहिलेल्या फांदीला हात लावावा, नव्या वर्षात जे एक काम हाती घ्यायचे आहे ते बोलावे आणि आणलेले पाणी बुंध्यापासून थोडे दूर, मुळांच्या घेरात सावकाश ओतावे. संकल्पाचे शब्द आपल्या रोजच्या बोलीतले असावेत. वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत, गोंडीत बोलत असाल तर गोंडीत. द्रोणातील प्रसाद वाटून खावा, पणती पूर्ण विझल्याची खात्री करावी आणि घरी जावे.

सोडायच्या गोष्टी कागदावर लिहून जाळल्या तर चालतील का?

जाळण्यापेक्षा पान मातीला देणे या विधीच्या अर्थाला धरून आहे. पानगळीतील पान कुजते आणि त्याच झाडाला मिळते. आगीने सगळे एकदम नाहीसे होते, त्यात परत घेण्याचा भाग राहत नाही. लिहिण्याची सवय असलेल्यांनी घरी वहीत लिहावे.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्ससारख्या ठिकाणी पौषात खाली सागाच्या वाळल्या पानांचा थर असतो. तेथे पणतीसुद्धा लावू नये, बॅटरी वापरावी.

झाडाला दोरा गुंडाळणे, हळद-कुंकू लावणे, खिळा ठोकून चिठ्ठी टांगणे योग्य आहे का?

खिळा कधीही ठोकू नये. साल ही झाडाची त्वचा असून तिच्या आतल्या थरातूनच पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळांकडे जाते. दोरा बांधायचाच असेल तर सुती, सैल आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सोडायचा. हळद-कुंकू चिमूटभर लावावे. तेल, तूप, दूध मुळांवर ओतू नये, पाणी पुरते.

दोऱ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पौष पौर्णिमा मकर संक्रांतीच्या आगेमागे येते आणि नागपुरात संक्रांत म्हणजे पतंग. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर शहरातील झाडांवर तो लोंबत राहतो. तो कुजत नाही. घारी, बगळे, वटवाघळे, घुबडे त्यात अडकतात आणि पंख कापून घेतात. पौर्णिमा संक्रांतीनंतर आली असेल तर, सकाळी झाड पाहायला जाल तेव्हा हाताला किंवा बांबूला पोहोचेल तेवढा मांजा काढावा, तुकडे करून पिशवीत भरावा आणि कचऱ्यात बांधून द्यावा. विजेच्या तारांजवळ मात्र हात घालू नये. अडकलेला पक्षी दिसला तर त्याला ओढू नये, वनविभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांना कळवावे. माझ्या लेखी या विधीत एवढेच केले आणि बाकी सारे राहिले, तरी विधी पूर्ण झाला.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. झाड कुठून आणायचे?

रस्त्याकडेचे झाड चालते, सोसायटीच्या आवारातले चालते, नातेवाइकांच्या वावरातले तर फारच चांगले. सार्वजनिक बागा संध्याकाळी बंद होतात, म्हणून त्यांच्या वेळा आधी पाहाव्यात. काहीच शक्य नसेल तर गच्चीवर कुंडीतल्या रोपापाशी बसावे, आणि पाने खालच्या कुठल्याही झाडाची आणावीत.

स्त्रियांसाठी काही नियम आहेत का? पाळीत चालते का? सवाष्णच हवी का?

काहीही नियम नाहीत. पाळीत चालते. कुमारिका, विवाहित, विधवा, घटस्फोटित, सर्वांनी करावा, पुरुषांनीही करावा. वटपौर्णिमेपेक्षा हा विधी वेगळा आहे, कारण येथे दुसऱ्या कोणासाठी काही मागायचे नसते. ज्या बाईला वर्षानुवर्षे हळदी-कुंकवाला बोलावले गेले नाही, तिने या झाडापाशी पहिली पणती लावावी असे मला मनापासून वाटते.

लहान मुले आणि वृद्धांनी थंडीत बाहेर बसावे का?

नागपूरची थंडी कोरडी असली तरी बोचरी असते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी सूर्यास्तापूर्वीच पाणी घालून घ्यावे आणि चंद्र खिडकीतून पाहावा. मुलांना कळी शोधण्याचे काम द्यावे, ती आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

नैवेद्य काय असावा?

शाकंभरीला अनेक भाज्यांचा नैवेद्य दाखवण्याची रीत आहे. काही घरांत साठ भाज्यांचा आग्रह असतो. येथे तेवढे करण्याची आवश्यकता नाही. कॉटन मार्केटात किंवा गोकुळपेठेत त्या आठवड्यात जे ताजे येते, वालाच्या आणि तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, मुळा, वांगी, त्यांची एक मिसळीची भाजी, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि ज्वारीची भाकरी, हे उत्तम.

त्या दिवशी नवे रोप लावावे का?

शक्यतो लावू नये. पौषात लावलेल्या रोपाला मुळे धरायला वेळ मिळण्याआधीच उन्हाळा येतो, आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. रोप पावसाच्या सुरुवातीला लावावे. पौष पौर्णिमेला आधीच उभ्या असलेल्या झाडाची, विशेषतः दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या झाडाची, जबाबदारी घ्यावी, कारण लावणारे पुष्कळ असतात आणि वैशाखात पाणी घालणारे थोडे.

पाणी घालण्यासाठी मूळ मोकळे हवे. सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा कितीतरी झाडांच्या बुंध्याला टेकून गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले गेले. असे झाड दिसले तर स्वतः पहार घेऊन फोडाफोड न करता महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि पाठपुरावा करावा. हा अर्ज संकल्पाचाच भाग मानावा. मोकळ्या आळ्यात गळालेली पाने पसरली की ओल टिकते.

मी फार खचलेल्या अवस्थेत आहे. या विधीने बरे वाटेल का?

मन थोडे हलके होऊ शकते, उपचार मात्र होत नाही. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा कमी झाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्यांनी त्या वर्षी काही सोडण्याचा आग्रह धरू नये. नुसते झाडापाशी बसून यावे. ताण केव्हा तोडायचा हे बाहेरच्याने ठरवायचे नसते.

ढग आले आणि चंद्र दिसलाच नाही तर?

विधी करावा. तिथी ढगांवर अवलंबून नाही आणि झाड समोर आहेच.

चंद्रप्रकाशाने झाडाच्या रसावर किंवा आपल्या शरीरावर परिणाम होतो म्हणून हे करायचे का?

नाही, तसा कोणताही दावा येथे नाही. पौर्णिमा सगळ्यांना एकाच वेळी दिसते आणि लक्षात राहते, म्हणून ती तारीख म्हणून उपयोगी आहे. पुढील पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, तेव्हा आपला शब्द कुठवर आला ते पाहायला आकाशातच आठवण असते.

त्यानंतर वर्षभर काय करायचे?

दर पौर्णिमेला झाडापाशी जाऊन यावे, पाच मिनिटे का होईना. होळीची, म्हणजे फाल्गुन पौर्णिमा विशेष महत्त्वाची आहे. तोवर पळस फुललेला असतो, सावर फुलून उतरणीला लागलेली असते, कडुनिंबावर तांबूस पालवी असते. ही पालवी पावसाची वाट पाहत नाही. वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत, साठवलेल्या ओलाव्यावर आणि खोल मुळांच्या बळावर ती येते. परिस्थिती सुधारली की सुरुवात करू, असे म्हणणाऱ्याने त्या दिवशी अवश्य जावे.

चैत्र ते ज्येष्ठ हा खरा कसोटीचा काळ. कोवळ्या झाडाला आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, एकेक बादली पाणी घालावे. गावाला जायचे असेल तर शेजाऱ्याला सांगून जावे. ज्या आठवड्यात झाडाचे पाणी चुकते, त्याच आठवड्यात स्वतःचा संकल्पही मागे पडलेला असतो असे बहुतेकांना आढळते, म्हणून दोन्हींची नोंद एकाच वहीत ठेवणे बरे.

संकल्पाचे झाड वर्षभरात तोडले गेले किंवा वठले तर?

तोडण्याची चाहूल लागली तर गप्प राहू नये. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगीची नोटीस झाडावर लागली असेल तर तीवर दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवता येते. झाड वादळाने पडले किंवा वठले तर त्यात अशुभ काही मानू नये. जवळचे दुसरे झाड निवडावे, त्याला एक बादली पाणी घालावे आणि संकल्प त्याच शब्दांत पुन्हा बोलावा. त्यासाठी पुढील पौषाची वाट पाहण्याचे कारण नाही, येणारी कोणतीही पौर्णिमा चालेल.